आयर्विन पुलाची फूटपट्टी आणि तुमचा सर्व्हर

जुलै-ऑगस्टात सांगलीत कुणालाही फोन केला तर पहिला प्रश्न ठरलेला: पाणी किती फुटावर? आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण पूर पाहिलेला सांगलीकर नुसता आकडा ऐकून गप्प बसत नाही. तो विचारतो, "चढतंय का उतरतंय?" आणि लगेच, "कोयनेतनं किती सोडलंय?" पाणी ३८ फुटांवर थांबलेलं असेल तर माणूस चहा पितो. तेच पाणी तासाला अर्धा फूट चढत असेल तर फ्रीज माडीवर नेतो.

मी सांगली-मिरजेतल्या लहान ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो. मार्केट यार्डातली अडत दुकानं, एखादी पतसंस्था, दोन-तीन दवाखाने. यांतल्या बहुतेकांकडे सर्व्हर असतो, पण त्याला फूटपट्टी नसते. पाणी उंबऱ्याला लागलं की फोन येतो. ती फूटपट्टी कशी लावायची, ते इथे क्रमाने सांगतो. सगळं लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि एक रुपयाचं लायसन्स न घेता. यातली जवळपास सगळी साधनं मुक्त आहेत, नुसती फुकट नाहीत. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत हे बरं आहे. फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे आतला कोड वाचता येतो, बदलता येतो, आणि उद्या कंपनीचं मन फिरलं तरी आपलं काम अडत नाही.

आज्ञा मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्या आहेत. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या. शब्दाच्या आतल्या रेघा फक्त वाचायला सोप्या जाव्यात म्हणून आहेत, त्या टाकायच्या नाहीत; जागा सोडून आलेली रेघ मात्र टाकायची. "डीएफ, मग जागा सोड, मग आडवी रेघ, मग एच" असं मी दिवसातून चारदा तरी कुणाला ना कुणाला सांगतच असतो.

आधी निवांत दिवसाची नोंद

सर्व्हर आजारी पडल्यावर तपासायला बसलात तर जे दिसेल ते सगळंच आजारासारखं वाटेल. म्हणून सगळं सुरळीत असलेला एक दिवस निवडा आणि वहीत किंवा फाइलमध्ये या गोष्टी लिहून ठेवा.

‘एन-पी-आर-ओ-सी’ टाका. प्रोसेसरमध्ये किती कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करू शकणारे भाग, आहेत तो आकडा येईल. ‘अपटाइम’ टाका, तीन लोड अ‍ॅव्हरेज दिसतील: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. ‘फ्री -एच’ ने मेमरी आणि ‘डीएफ -एच’ ने डिस्क. आणि ‘टाइम-डेट-सीटीएल’ टाकून सर्व्हरचं घड्याळ कुठल्या देशात राहतं ते बघा. ही शेवटची आज्ञा बिनमहत्त्वाची वाटेल. तिच्यापायी मी तीन आठवडे घालवलेत, ते पुढे येईलच.

‘टॉप’ वाचायला शिका

सर्व्हरवर आत्ता काय चाललंय ते दाखवणारं ‘टॉप’ प्रत्येक लिनक्सवर असतं. रंगीत आणि माऊसने चालणारं हवं असेल तर ‘एचटॉप’ बसवा. पण फोनवरून समोरच्याला वाचायला लावायचं असेल तर साधं ‘टॉप’च बरं, कारण ते सगळीकडे सारखं दिसतं.

लोड अ‍ॅव्हरेज समजायला साखर कारखान्याच्या काट्यावर जाऊन उभे राहा. चार कोअर म्हणजे चार वजनकाटे. लोड ४ असेल तर चारही काट्यांवर एकेक ट्रॉली आहे, मागे कुणी नाही. लोड १४ असेल तर दहा ट्रॉल्या रांगेत. म्हणजे नुसता लोडचा आकडा निरर्थक आहे, तो कोअरच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचायचा. आता यात लिनक्सची एक खोड आहे. काटा ओलांडून पुढे गेलेल्या, पण गव्हाणीपाशी ऊस खाली व्हायची वाट बघत असलेल्या ट्रॉल्यासुद्धा तो लोडमध्ये मोजतो. म्हणजे डिस्ककडून उत्तर येण्याची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही त्यात धरल्या जातात. त्यामुळे लोड १४ आणि सीपीयू मात्र रिकामा, असं चित्र दिसू शकतं. नवखा माणूस इथेच फसतो.

म्हणून लोडनंतर नजर सीपीयूच्या ओळीवर न्यायची. ‘यूएस’ म्हणजे तुमचे प्रोग्रॅम खातात तो वेळ, ‘एसवाय’ कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा), ‘आयडी’ रिकामा. यापुढचा ‘डब्ल्यूए’ माझ्या मते सगळ्यात कामाचा: सीपीयूला करायला काही नाही आणि डिस्कचं काम व्हायची वाट बघणं चालू आहे. हा सतत २०-३० च्या वर राहिला तर प्रोसेसर बदलून काही होणार नाही, दुखणं डिस्कमध्ये आहे. भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर ‘एसटी’ही बघा: त्याच मशीनवरच्या दुसऱ्या भाडेकरूंनी पळवलेला सीपीयूचा वेळ. शेजाऱ्याने मोटर लावली की आपल्या नळाची धार बारीक होते ना, तसं. तो आकडा मोठा असेल तर तुमच्या हातात फारसं काही नाही. होस्टिंगवाल्याशी बोला किंवा घर बदला.

मेमरी: घाबरू नका, ‘अव्हेलेबल’ वाचा

‘फ्री -एच’ मध्ये ‘फ्री’ या नावाचाच एक रकाना असतो आणि तोच लोकांना घाबरवतो. १६ जीबीच्या सर्व्हरवर तिथे ३०० एमबी दिसतात आणि फोन येतो. लिनक्स मोकळी मेमरी पडून ठेवत नाही. अलीकडे वाचलेल्या फाइली तो तिथे कॅश म्हणून ठेवतो आणि प्रोग्रॅमला गरज पडली की त्या काढून जागा देतो. खरा आकडा शेवटच्या ‘अव्हेलेबल’ रकान्यात असतो.

मेमरी खरोखर कमी पडते का, हे ‘व्हीएम-स्टॅट १ ५’ सांगतं: दर सेकंदाला एक, अशा पाच ओळी. पहिली ओळ सोडून द्या, ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत ‘एसआय’ आणि ‘एसओ’ (स्वॅपमधून, म्हणजे मेमरी म्हणून वापरलेल्या डिस्कमधून, आत आलेलं आणि तिकडे बाहेर गेलेलं) हे रकाने शून्याच्या आसपास असतील तर निर्धास्त राहा. तिथे सतत मोठे आकडे हलत असतील तर सर्व्हर डिस्कलाच मेमरी म्हणून वापरतोय आणि रांगतोय. स्वॅपमध्ये थोडं काही पडून असणं हा आजार नाही. ते सारखं आत-बाहेर होणं हा आजार.

डेटाबेस कारण नसताना आपोआप बंद पडत असेल तर ‘जर्नल-सीटीएल -के’ मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ हे शब्द शोधा. मेमरी संपली की कर्नल सहसा सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्याचा बळी देतो. आपल्याकडच्या सर्व्हरवर तो बहुतेक वेळा डेटाबेसच असतो.

डिस्क: जागा दिसते पण लिहिता येत नाही

‘डीएफ -एच’ सगळ्यांना माहीत असतं. तरी तीन खाचखळगे आहेत.

एक, जागा आहे पण ‘जागा नाही’ असा संदेश येतो. ‘डीएफ -आय’ करा. आयनोड, म्हणजे डिस्कवर प्रत्येक फाइलीची नोंद ठेवणारे रकाने, संपलेले असतील. लाखो बारीक बारीक फाइली, बहुधा सेशनच्या किंवा न गेलेल्या मेलच्या, कुठेतरी साठलेल्या असतात. गोदामात जागा आहे, पण आवक वहीची पानं संपली, असा प्रकार.

दोन, मोठी लॉग फाइल पुसली तरी जागा परत मिळत नाही. जो प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसलाय तो ती सोडत नाही तोवर जागा अडलेलीच. ‘एल-एस-ओ-एफ +एल१’ (एल मोठा) अशा फाइली आणि त्यांचे मालक दाखवतं. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट करा, जागा सुटते.

तीन, ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये मुळात ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्यासाठी, राखीव असते. १ टीबीच्या डिस्कवर ती साधारण ५० जीबी होते. सिस्टिमच्या पार्टिशनवर ती राहू द्या. नुसत्या डेटाच्या पार्टिशनवर ‘ट्यून-टू-एफएस -एम १’ (‘टू’ म्हणजे आकडा २) करून ती १ टक्क्यावर आणायला हरकत नाही.

जागा कुणी खाल्ली ते शोधायला ‘एन-सी-डीयू’ बसवा. मोठ्या फोल्डरपासून खाली उतरत जायचं, दहा मिनिटांत चोर सापडतो.

मागचा दिवस बघता आला पाहिजे

आतापर्यंतचं सगळं म्हणजे ‘पाणी आत्ता किती फुटावर’. फोन येतो सकाळी साडेदहाला, मी लॉगिन करतो अकराला, तोवर सगळं शांत. म्हणून ‘सिस-स्टॅट’. हे पॅकेज दर १० मिनिटांनी सीपीयू, मेमरी आणि डिस्कचा हिशेब लिहून ठेवतं, आणि ‘एस-ए-आर’ ही त्यातली आज्ञा तो जुना हिशेब काढून दाखवते. लहान ऑफिसात एकच साधन बसवायचं असेल तर मी हे बसवेन.

डेबियन किंवा उबुंटूवर ‘सिस-स्टॅट’ बसवून झालं म्हणजे काम झालं असं नाही. ‘ईटीसी’तल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरमध्ये ‘सिसस्टॅट’ नावाची फाइल आहे. तिच्यात ‘एनेबल्ड’ समोर ‘फॉल्स’ असेल तर ते ‘ट्रू’ करा आणि मग ‘सिस्टिम-सीटीएल’ने सेवा चालू करा. हे विसरलात तर महिन्याने उघडाल तेव्हा वही कोरी मिळेल. डेबियनवर नोंदी मुळात ७ दिवसच राहतात. ‘ईटीसी’तल्याच ‘सिसस्टॅट’ फोल्डरमधल्या फाइलीत ‘हिस्टरी’ ७ वरून २८ करा, म्हणजे गेल्या महिन्यातल्या त्याच वाराशी तुलना करता येते. मग ‘एस-ए-आर -यू’ सीपीयू दाखवतं, ‘-आर’ मेमरी, ‘-क्यू’ लोड, ‘-डी’ डिस्क.

आता तीन आठवड्यांची गोष्ट. हळदीचा हंगाम होता. यार्डातल्या एका अडत दुकानात सौदे सुरू झाले की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काढणारं बिलिंग अडकायचं. तिथल्या कारकुनाचा फोन यायचा, "दादा, पट्टी निघंना बघा. शेतकरी उभा हाय." मी लॉगिन करेपर्यंत सगळं ठीक. मी आधी रॅम वाढवायला सांगितली. मालकांनी कुरकुर न करता पैसे घातले. फरक शून्य. मग मी नेटवर्कच्या वायरी बदलायला लावल्या. तरी तेच.

शेवटी ‘सिस-स्टॅट’ चालू केलं आणि आठवडाभराने ‘एस-ए-आर -यू’ काढलं. सगळा दिवस ‘डब्ल्यूए’ (इथे त्याचं नाव ‘आयओवेट’) २-३ च्या आत आणि पाच वाजता एकदम ६०-७०. पुढचा पाऊण-एक तास तसंच, मग पुन्हा शांत. रोज. पण पाच सकाळचे! पहाटे पाचला यार्डात कुत्रंसुद्धा जागं नसतं, आणि तक्रार तर साडेदहाची. मी त्या आकड्याकडे बघत चहा थंड केला. मग ‘डेट’ टाकलं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होतं. यूटीसीचे पाच म्हणजे आपले बरोबर साडेदहा. कुणीतरी ‘पहाटे पाचला’ म्हणून लावलेला बॅकअप रोज भर सौद्यात सगळी डिस्क उपसत होता. ‘टॉप’च्या पहिल्याच ओळीत, डावीकडे, घड्याळ असतं. ते मी त्या तीन आठवड्यांत पंचवीसेक वेळा तरी बघितलं असेल, वाचलं एकदाही नाही.

उपाय दोन ओळींचा होता. ‘टाइम-डेट-सीटीएल’ने टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ केला आणि ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉनची सेवा रीस्टार्ट केली. दुसरी ओळ गाळू नका, क्रॉन रीस्टार्ट होईपर्यंत जुन्याच वेळेने चालत राहतो. रॅमचे पैसे मालकांनी कधी काढले नाहीत, पण मला आठवतात.

डिस्कचा आजार आणि हळदीची धूळ

‘स्मार्ट-मॉन-टूल्स’ बसवून ‘स्मार्ट-सीटीएल -ए’ पुढे डिस्कचं नाव द्या. वरती ‘पास्ड’ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवरही मी ते पाहिलंय. साध्या हार्ड डिस्कच्या तक्त्यात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी बघा: बदली दिलेले सेक्टर, तपासणीच्या रांगेतले सेक्टर, आणि वाचताच न आलेले. शेवटच्या रकान्यात शून्य हवं. शून्य नसेल आणि आठवड्याने आकडा वाढलेला दिसला, तर नवी डिस्क मागवूनच पुढचं बोला. इथेही आकड्यापेक्षा चढ महत्त्वाची.

तापमानासाठी ‘एलएम-सेन्सर्स’ बसवा, एकदा ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ चालवा (या दोन्हींतली रेघ खरी, ती टाकायची), पुढे नुसतं ‘सेन्सर्स’. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि लहान दुकानात सर्व्हर टेबलाखाली, भिंतीला चिकटून. सीपीयू फार तापला की स्वतःच वेग कमी करतो. मग लोड नाही, डिस्क ठीक, तरी सगळं संथ. एका ठिकाणी मी झाकण काढून ब्लोअर मारला तर पिवळा ढग उठला. पंख्याच्या पात्यांवर हळदीचा थर बसला होता, आणि माझा पांढरा शर्ट पुढे पांढरा राहिला नाही. यार्डात सर्व्हर असेल तर हंगामात महिन्यातून एकदा साफसफाई हवीच.

आलेख: कुणी काय बसवावं

एकच सर्व्हर आणि हाताशी तासभर वेळ असेल तर नेटडेटा. बसवलं की १९९९९ पोर्टवर (सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर) दर सेकंदाचे आलेख लगेच सुरू, सेटिंग जवळपास नाही. त्याचा एजंट, म्हणजे सर्व्हरवर आकडे गोळा करणारा भाग, जीपीएल या परवान्याखाली मुक्त आहे. पडद्यावरचा नवा डॅशबोर्ड मात्र फुकट आहे, मुक्त नाही. चालत असेल तर चालवा.

तीन-चार सर्व्हर असतील तर आकडे गोळा करणारं प्रोमिथियस आणि त्यांचे आलेख काढणारं ग्राफाना. प्रोमिथियस २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत जन्मलं. त्याची रीत साधी आहे: प्रत्येक सर्व्हरवर ‘नोड एक्स्पोर्टर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम ९१०० पोर्टवर आकडे मांडून बसतो आणि प्रोमिथियस ठरल्या वेळेला येऊन ते गोळा करून नेतं, डेअरीची गाडी गल्लोगल्ली दूध गोळा करते तसं. बसवायचा क्रम असा. आधी प्रत्येक सर्व्हरवर नोड एक्स्पोर्टर. मग एका वेगळ्या मशीनवर प्रोमिथियस, त्याच्या यामल नावाच्या सेटिंगच्या फाइलीत टारगेट म्हणून प्रत्येक सर्व्हरचा आयपी आणि ९१०० पोर्ट. यामलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्यायच्या. निम्म्या लोकांचं गाडं इथेच अडतं, म्हणून सुरू करण्याआधी ‘प्रॉम-टूल’ने फाइल तपासून घ्या. ९०९० पोर्टवर टारगेट ‘अप’ दिसले की ग्राफाना बसवा, ते ३००० वर उघडतं. त्यात प्रोमिथियस डेटा सोर्स म्हणून जोडा आणि डॅशबोर्ड आयात करताना १८६० क्रमांक टाका. ‘नोड एक्स्पोर्टर फुल’ नावाचा तयार फलक येतो. त्यात नको इतके आलेख आहेत. पहिले पाच-सहा बघायचे, बाकीचे गुंडाळून ठेवायचे.

प्रोमिथियस नोंदी मुळात १५ दिवस ठेवतं. हंगाम ते हंगाम तुलना हवी असेल तर तो काळ वाढवून द्या.

स्विच, प्रिंटर, यूपीएस असं सगळं एकत्र सांभाळायचं असेल तर झॅबिक्स बरं. नागिओस १९९९ पासूनचं आहे आणि अजून चालतं. ज्यांच्याकडे आधीच बसलेलं आहे त्यांनी ते उपटू नये, नव्याने मात्र मी बसवत नाही.

हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नका. नोड एक्स्पोर्टर कुणालाही पासवर्ड विचारत नाही. ‘यू-एफ-डब्ल्यू’ या फायरवॉलने ९१०० फक्त प्रोमिथियसच्या आयपीला उघडा.

भोंगा कधी वाजवायचा

सुरुवातीला सगळेजण प्रत्येक गोष्टीवर अलर्ट लावतात. दोन दिवसांत फोन इतका वाजतो की तो ग्रुप म्यूट होतो, आणि तिसऱ्या दिवशी खरा पूर येतो. पुलावर जशा दोन पातळ्या आहेत, तशाच इथेही दोनच ठेवा. डिस्क ८० टक्के भरली तर इशारा: सकाळी बघितलं तरी चालेल. ९० टक्के म्हणजे धोका: झोपेतून उठवा. सीपीयूवर शक्यतो अलर्ट लावूच नका, दहा मिनिटं १०० टक्के चालणं हे त्याचं कामच आहे. लावलाच तर ‘फॉर’ ही अट घालून, म्हणजे सलग १५-२० मिनिटं तसं राहिलं तरच.

कोयनेच्या विसर्गाचा प्रश्न विचारणारंही एक फंक्शन प्रोमिथियसमध्ये आहे, ‘प्रेडिक्ट लिनियर’. गेल्या ६ तासांत डिस्कची मोकळी जागा ज्या गतीने घटली त्या गतीने ती २४ तासांनी शून्याखाली जाईल का, एवढंच ते बघतं. ५० टक्केच भरलेली, पण कुठल्यातरी बिघडलेल्या लॉगने धो धो भरत चाललेली डिस्क हे पकडतं. ८० टक्क्यांचा अलर्ट तोवर झोपलेला असतो.

संदेश पाठवायचं काम अलर्टमॅनेजरचं. त्याला टेलिग्राम थेट जोडता येतं. बॉट तयार करा, टोकन आणि चॅटचा क्रमांक द्या, आणि एकदा मुद्दाम सेवा बंद करून संदेश खरंच येतो का ते बघा. न तपासलेला अलर्ट असून नसल्यासारखा.

शेवटचं: पहारेकरी त्याच घरात झोपवू नका. सर्व्हर आणि त्याच्यावर नजर ठेवणारं मशीन एकाच यूपीएसवर असेल तर लाइट गेल्यावर दोघंही एकदमच गप्प होतात आणि तुम्हाला वाटतं सगळं छान चाललंय. बाहेरच्या एखाद्या स्वस्त सर्व्हरवर किंवा घरच्या जुन्या लॅपटॉपवर अपटाइम कुमा ठेवा. ते ३००१ पोर्टवर चालतं आणि दर मिनिटाला बाहेरून दार वाजवून बघतं. त्यातल्या ‘पुश’ प्रकाराचा मला जास्त उपयोग होतो. बॅकअप संपला की स्क्रिप्टने शेवटच्या ओळीत कुमाला हाक मारायची. ठरल्या वेळेत हाक आली नाही तर कुमा मला हाक मारतं. बॅकअप फसला हे कळायला आता डेटा जायची वाट बघावी लागत नाही.

त्या अडत दुकानातही आता हे सगळं बसवलंय. परवा सकाळी तिथल्या कारकुनाचा फोन आला. मी काही विचारायच्या आत तोच वाचून दाखवू लागला, "दादा, घड्याळ बरोबर हाय, आधी त्येच बघितलं. लोड नऊ, कोअर चार. यूएस पाच, डब्ल्यूए साठ. राच्चा बॅकअप आजून सुटला न्हाई वाटतं, थांबवू का?"